बदनापुरात टेकलेला गुडघा

सांगावं की नको, या विचारात माझा अर्धा चहा गार झाला. पण तुम्ही घरचेच. शिवाय बदनापूरच्या अख्ख्या वऱ्हाडाने जे डोळ्यांनी पाहिलं, ते तुमच्यापासून काय लपवायचं?

मी समाजशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट कशावर? तर अमेरिकेच्या सिनेमा-मालिकांनी जग कसं गिळलं, यावर. या विषयात माझ्याशी वाद घालेल असा माणूस जालन्यात नाही. ऐकून घेईल असाही नाही, ते सोडा.

एक कुसुम होती. आमची बायको. इतकी वर्षं तिने माझं बोलणं, भाजी निवडत का होईना, ऐकलं. पण सुनेने हिच्या मोबाइलवर हिंदीत डब केलेली एक कोरियन मालिका लावून दिली आणि संपलं! मी तोंड उघडलं की ही आवाज वाढवते.

पडद्यावर एक गुळगुळीत पोरगा. कपाळावर केस, गालावर एक डाग नाही. माझं पित्त खवळलं. बरं, अमेरिकन असता तर मी त्याला तळटीपांसकट झोडपलं असतं. कोरियाविरुद्ध माझ्याकडे एक ओळ नव्हती हो!

एके दुपारी बघतो तर काय, तो पोरगा भररस्त्यात गुडघा टेकून नायिकेच्या बुटाची नाडी बांधतोय. आणि आमची कुसुम गालाला हात लावून बघतेय!

"हे गुडघे टेकणं मूळचं अमेरिकेचं," मी म्हणालो. "यांनी नुसतं उचललंय."

"असंल," ती म्हणाली. "चायनीज भेळ काय चीनची असती? खाता ना चवीनं? हितं बघा, खाली बसून जेवून राह्यले, म्हाताऱ्यांसमोर वाकून राह्यले. बिलकुल आपल्यासारखं. सरका, उजेड अडून राह्यला."

सरका! मला!

मनात म्हटलं, पायात जोडा घालणं ही अशी कितीशी विद्या आहे?

त्याच आठवड्यात बदनापूरला मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं. जेवणं उरकून आम्ही मंगल कार्यालयाच्या दारात आलो. कुसुम चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधत होती. ती जोडी मला आधी दिसली. मी पँट जरा वर ओढली आणि टेकला की गुडघा! तिचा पाय हातात घेतला.

"अगं माय!" मागून मेहुणी किंचाळली. "दाजी ताईच्या पाया पडून राह्यले!"

झालं! गर्दी जमली.

"माफी मागून राह्यले जणू."

"या वयात काय केलं असंल सरांनी?"

"मोठंच काही असंल. उगं कोणी पाय धरत न्हाई."

"उठा ना!" कुसुम दात आवळून पुटपुटली.

उठलो असतो हो! पण गुडघा अडकला होता. मालिकेत हा भाग दाखवत नाहीत. धरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिचा पाय आणखी घट्ट धरला.

ते पाहून चुलत सासऱ्यांचे डोळे भरून आले. "पोरी, टाक माफ करून," ते म्हणाले. "शिकलेला माणूस हाय, चुकतो."

कुसुमने सगळ्यांदेखत मला माफ केलं. दुसरा इलाजच नव्हता. मग दोन मेहुण्यांनी काखेत हात घालून मला उभं केलं.

परतीच्या रिक्षात मी गुडघा चोळत होतो. शेवटी मीच कबूल केलं, "तुझ्या त्या हिरोवर जळत होतो गं."

"हिरो?" ती इतकी हसली की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "त्या पोराला कोण बघतंय? मी हिरोईनच्या बापासाठी बघते. रिटायर मास्तर हाय. दिवसभर अमेरिकेच्या नावानं बोटं मोडतो. घरात कोणी ऐकत न्हाई बिचाऱ्याचं. मला लई आवडतो म्हातारा! त्याचं एक वाक्य सोडत न्हाई मी."

आता तुम्हीच सांगा, काय करावं? पोरावर जळणं सोपं होतं, निदान तो देखणा होता. हा म्हातारा तर माझीच भाषणं माझ्याच बायकोपुढे ठोकतो. ती मान डोलवत शेवटपर्यंत ऐकते. आणि मध्येच मी "बरोबर बोलतोय तो" म्हणालो, तर मलाच गप्प बसवते!