शेरू, तुझ्या मालकाला सांग

फ्रीगंजमधले आमचे जनावरांचे डॉक्टर नियमाचे एकदम पक्के. माणसाला खोकल्याची साधी गोळीसुद्धा सांगत नाहीत. "अहो, माझं रजिस्ट्रेशन जनावरांचं आहे!" म्हणतात आणि सगळा सल्ला माझ्या कुत्र्याला देतात. "शेरू, तुझ्या मालकाला सांग, नमक कम करो."

परवा लस घेताना शेरू मलाच चावला. डॉक्टर त्याच्यावर ओरडले, "शेरू, यांना म्हणावं हात साबणानं धुवा, धुतच राहा!" मग दवाखाना बंद करून त्यांनी मला स्कूटरवरून सरकारी अस्पतालात नेलं. तिथे नर्सनं सुई काढली, मी डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी सवयीनं माझी मान खाजवली, "शाब्बास बेटा" म्हणाले आणि खिशातलं शेरूचं बिस्किट पुढे केलं.

मी ते खाल्लंसुद्धा.