दादाची बंद होडी

दादा फौजेतून निवृत्त होऊन पलूसकडच्या आमच्या गावी परत आला, तेव्हा ट्रंकेबरोबर टेम्पोतून एक लांबलचक निळी कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी, उतरली. तिकडे साहसी खेळांच्या पथकात तो बरीच वर्षं होता. वहिनीनं होडीच्या वरच्या भोकात वाकून पाहिलं आणि विचारलं, "आवं, ह्यात शिरायचं कळलं. पालथी झाली तर बाहेर कसं येणार?"

दादानं अंगणातच बसून दाखवलं. पाय लांब करून तो कमरेपर्यंत आत गेला. मांड्या आतल्या गाद्यांना घट्ट टेकल्या. कमरेभोवतीचा रबरी कापडाचा घेर त्यानं भोकाच्या काठावर ताणून बसवला, म्हणजे पाणी आत शिरत नाही. उलटलं तर वल्ह्याचा फटका आणि कमरेचा झटका देऊन होडीसकट परत वर यायचं. ते नाहीच जमलं तर घेराच्या पुढचा पट्टा ओढायचा, घेर निघतो आणि माणूस खाली सुटतो.

"आन् पट्टा न्हाई घावला तर?" वहिनीनं विचारलं.

"घावतोय की," दादा म्हणाला.

मी सांगलीला कॉलेजात शिकवते, एकटी राहते. दादाच्या नादानं मीही वल्हं हातात घेतलं, पण त्या भोकात पाय घालायची माझी छाती झाली नाही. मी उघडी कयाक घेतली. तिच्यात आत शिरायचं काही नसतंच, वरच्या खोलगट जागेवर बसायचं. लाट आली तर पाणी तळातल्या आरपार भोकांतून निघून जातं. तोल गेला की माणूस सरळ पाण्यात पडतो आणि पोटावर सरपटत परत चढतो.

"ही होडी हाय का जेवायला बसायचा पाट?" दादा हसला.

गावाजवळ कृष्णेत मगरी आहेत. त्यामुळे घरापुढची नदी सोडून आम्ही रविवारी गाडीच्या टपावर होड्या बांधून वाईच्या वरच्या धरणाच्या पाण्यावर जायचो. जाताना वाद ठरलेला. त्याचं म्हणणं, बंद होडी अंगाशी एक होते, वाऱ्यात ढळत नाही, थंडीत पाय कोरडे राहतात. माझं म्हणणं, माझ्या होडीत अडकायची भीतीच नाही. "तुझी होडी न शिकलेल्या माणसासाठी," तो म्हणायचा. ते खरंही होतं. तो पालथा होऊन वर यायचा तेव्हा बघत राहावंसं वाटायचं.

मग त्याच्या उजव्या हातातून कप निसटायला लागला. शर्टाची बटणं वहिनी लावायला लागली. खांदा धरलाय, असं तो म्हणायचा आणि आम्हीही तेच धरून चाललो.

त्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही पाण्यावर असताना डोंगरातून एकदम वारा सुटला. दादा माझ्या थोडा पुढे होता. आडव्या लाटेवर त्याची होडी कलली आणि उलटली. मी थांबले, कारण तो वर येणारच होता. वल्ह्याचं पातं पाण्याबाहेर आलं, होडी अर्धवट फिरली आणि परत पडली. पुन्हा एकदा तसंच झालं. मग नुसता निळा तळ हलत राहिला.

मी जोरात वल्हवत गेले आणि पाण्यात उडी टाकली. ते मला एका क्षणात जमलं, कारण माझ्या होडीत मला धरून ठेवणारं काही नव्हतं. अंगातलं तरंगायचं जॅकेट बुडू देत नव्हतं. तळाला गाल टेकवून मी हात खाली घातला आणि चाचपडत घेरापर्यंत पोचले. तिथे दादाचा हात होता. बोटं पट्ट्यावरच होती, पण पट्टा धरत नव्हती. मी त्याच्या बोटांवरून पट्टा पकडला आणि ओढला.

तो वर आला. खोकला आणि श्वास घेतला.

मी मागे पाहिलं तर माझी रिकामी होडी वाऱ्यानं पानासारखी लांब गेली होती. दादाच्या होडीत पाणी भरलेलं, तिच्यात परत शिरणं शक्य नव्हतं. पण टोकांमध्ये हवा कोंडलेली होती, म्हणून ती तरंगत होती. तिलाच धरून आम्ही पाय मारत काठ गाठला; माझी होडी मागाहून पलीकडच्या काठाला सापडली. चिखलात बसल्यावर दादाचे दात वाजत होते.

"तुझीच होडी बरी गं," तो म्हणाला.

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर मी त्याची गार बोटं चोळत बसले.

त्यानंतर सांगलीत तपासण्या झाल्या. खांद्याचं काहीच नव्हतं. नसा मरत चालल्या होत्या आणि त्यावर औषध नव्हतं. डॉक्टर सावकाश समजावत होते आणि दादा खिडकीबाहेरच्या रिक्षा बघत होता.

उन्हाळ्यात त्यानं मला फोन केला. "मला तुझ्या पाटावर बसीव की एकदा." वहिनी माझ्यावर चिडली. "वन्सं, तुमाला तरी कळाय पाहिजे." तरी ती बरोबर आली. धरणाच्या काठाला गुडघाभर पाण्यात आम्ही दोघींनी त्याला उघड्या होडीवर बसवलं आणि दोन्हीकडून धरलं. हात जरा सैल केले की तो एका बाजूला घसरायचा. बंद होडीत मांड्यांना आधार होता, अंग आपोआप सरळ राहायचं. इथे टेकायला काही नव्हतं आणि त्याच्या पाठीत जोर उरला नव्हता. त्यानं थोडा वेळ समोरच्या पाण्याकडे पाहिलं.

"उतरवा मला," तो म्हणाला.

येताना वाटेत चहाला थांबलो. मलकापूरला वहिनीनं त्याला बशीतून चहा पाजला, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच हात पुढे केला नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. शेवटी श्वासच जड झाला होता.

साताऱ्याकडची काही मंडळी कयाक घ्यायच्या आधी मला विचारतात, कुठली सुरक्षित? मी सांगते, आधी बाहेर पडायला शिका, एकटे जाऊ नका, वारा बघा. नवख्यानं उघडी घ्यावी, पण ती हातातून सुटू देऊ नये. एवढं सांगून मी फोन ठेवते.

मी स्वतः क्वचितच जाते. काठाकाठानं थोडं वल्हवते. पाण्यावर वाऱ्याची सुरकुती दिसली की होडी वळवते आणि गाडी उभी असते तिथे परत येते.