विषय, संदर्भ आणि कोरा पडदा

बायको जाऊन वर्ष होईल तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला एक छोटी पुस्तिका काढायची, हे लेकीनं ठरवलं. ती लातूरला शिक्षिका आहे, आणि एकदा तिनं ठरवलं की ते होतंच, आईवर गेलीय. चार नातेवाईक लिहिणार होते, दोन मैत्रिणी लिहिणार होत्या. पहिलं पान मात्र माझं. “पप्पा, तुम्ही जन्मभर लिहीतच आलात. एक पान काय तुम्हाला?” ती म्हणाली.

जन्मभर लिहीत आलो हे खरं. नांदेड जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांत माझी सगळी नोकरी टिपण्या लिहिण्यात गेली. साहेब बदलत, टिपणी माझीच असे, आणि प्रत्येक साहेब तिच्यावर डोळे झाकून सही ठोकत असे. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

तर मी सकाळी चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसलो. कचेरीत होता तसाच प्रोग्रॅम, वरती बटणांच्या रांगाच रांगा. आधी समास सोडला. मग अक्षर मोठं केलं, जाड केलं, ते बरं दिसेना म्हणून पुन्हा बारीक केलं. मथळ्याखाली रेघ ओढली. एक चौकटही काढली. जेवणाची वेळ झाली तेव्हा पान देखणं झालं होतं आणि मजकूर दोन ओळींचा होता. दुसऱ्या दिवशी नेटानं पूर्ण केलं आणि लेकीला पाठवलं. ‘सदर महिला मूळच्या इस्लापूरकडील रहिवासी असून त्यांचा स्वभाव मनमिळाऊ होता,’ असं काहीसं होतं.

तिचा लगेच फोन आला. “पप्पा, हे काय आईच्या सेवापुस्तकात लावायचंय का?”

मला राग आला. पण पुन्हा वाचलं तर तिचं खोटं नव्हतं. जिच्यासोबत संसार केला तिला मी ‘सदर’ म्हणालो होतो. माझ्या बोटांना दुसरं काही येतच नव्हतं, हे त्या दिवशी कळलं आणि वाईट वाटलं. हिच्यावर एक पानसुद्धा माझ्याच्यानं होणार नाही, ही धास्ती तेव्हापासून मनात बसली.

रविवारी लेक आली. तिनं माझ्या लॅपटॉपवर एक नवीनच प्रोग्रॅम टाकला. तो उघडला की सगळा पडदा पांढरा. बटणं नाहीत, घड्याळ नाही, पानाची कडसुद्धा नाही. मधोमध एक उभी काडी तेवढी लुकलुकते. “यात खेळायला काहीच नाही, त्यामुळं तुम्ही लिहाल,” ती म्हणाली. पुढं तिनं बरंच काही समजावलं, हे इथं जाईल, ते तिकडं जोडलंय, आणि मी हाव हाव म्हणत राहिलो. कचेरीत ट्रेनिंगवाले यायचे तेव्हाही मी असाच हाव म्हणायचो.

सोमवारी सकाळी बसलो. हाताला लागलेली सवय, पहिला शब्द उमटला ‘विषय’. त्याखाली ‘संदर्भ’. पुढच्या ओळीवर गेलो आणि पाहतो तर वरचे दोन्ही शब्द नाहीत. पुन्हा टाइप केले, पुन्हा गेले. या प्रोग्रॅमात ज्या ओळीवर माणूस आहे तेवढीच ओळ काळी दिसते, बाकीच्या फिक्या होत होत वर सरकतात, हे लेकीनं सांगितलं असणार. माझ्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पांढऱ्यावरचं फिकं मला कुठून दिसणार? मी समजलो, पुसलं जातंय. शोधलं तर सेव्हचं बटणही नाही. म्हणजे ही नुसती सरावाची पाटी आहे, असा मी माझ्यापुरता निकाल लावला. कचेरीचा माणूस मी. ज्या कागदाला विषय नाही, सही नाही, जावक क्रमांक नाही, तो कागद माझ्या लेखी निघालाच नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. धावलो, गॅस बंद केला, परत येऊन बसलो आणि बोटांनी लिहिलं, ‘अगं, आज पुन्हा दूध उतू गेलं.’ ती ओळही वर जाऊन दिसेनाशी झाली. मला बरं वाटलं. बोललो आणि हवेत विरलं, असं ते होतं.

मग रोजच सुरू झालं. देवडीवर बसून गप्पा माराव्यात तसं मी सकाळी तिच्याशी बोलायचो. किनवटला माझी बदली झाली होती तेव्हा आपण ज्या खोलीत राहायचो तिच्या मागं सागाची झाडं होती, तुला आठवतं का? तुझा पिवळा स्वेटर धुवायला टाकलाय, चुकून गरम पाण्यात गेला. शेजारीण वाटी परत मागायला आली, कोणती वाटी ते मला कसं ओळखू येणार? बाहेरून आलो की कुलूप मीच उघडतो आणि ‘आलात का’ कुणी म्हणत नाही. एक दिवस रागानं लिहिलं, तू दुखणं अंगावर काढलंस, मला सांगितलं नाहीस, मी काय परका होतो का? ते लिहून मी रडलो. रडणं बरं असतं, उगीच पुरुष टाळतात.

लेखाचं मात्र काही होईना. रोज म्हणायचो, सराव झाला की उद्या खरं लिहू. छापखान्याची वेळ जवळ आली. शेवटी एका संध्याकाळी मीच लातूरला फोन लावला. “माय, मला न्हाई जमत. पहिलं पान कोरं सोड, न्हाई तर तूच लिही.”

ती म्हणाली, “पप्पा, चिंच शेवटी घालायची. येसराची आमटी चांगली उकळली की मग.”

मला आधी उमजेना. मग उमजलं. त्याच सकाळी मी त्या पांढऱ्या पडद्यावर विचारलं होतं, आमटीत चिंच आधी घालायची का नंतर.

“ते मी तुला न्हाई विचारलं,” मी जोरात म्हणालो.

“हाव, आईलाच विचारलं. पण मला येतं ना.” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं तुम्हाला, ते माझ्या लॅपटॉपला जोडलंय म्हणून. पहिल्या दिवशी लेख म्हणून उघडलं. मग मला थांबता नाही आलं. रोज वाचून राहिले.”

मी फोन ठेवून दिला. सगळ्या गावानं घरात डोकावून पाहावं तसं वाटलं. लॅपटॉप उघडला, चष्मा बदलून पडद्याला नाक लावलं आणि वर वर सरकवत गेलो. सगळं होतं. दूध, स्वेटर, वाटी, माझा राग, काहीही पुसलेलं नव्हतं. वाचताना पहिल्यांदा वाटलं की हे कुणी बायकोवर जीव असलेल्या माणसानं लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी फोन केला. “छाप.”

“तो रागाचा भाग काढू का, पप्पा?”

“राहू दे,” मी म्हणालो.

पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, जेवणं झाली, पुस्तिका वाटली गेली. माझी मेहुणी ते पान वाचून पदर तोंडाला लावून बसली, आणि माझ्या जुन्या साहेबांनी, ही टिपणी तुमची वाटत नाही, एवढंच म्हटलं. लेक लातूरला परत गेली. आता लिहायचं कारण उरलं नव्हतं.

तरी सकाळी मी तो पांढरा पडदा उघडला. आता माहीत होतं की माझी ओळ लातूरला पोचते. हात जरा अवघडले. मग लिहिलं, ‘अगं, ज्वारीची भाकरी करताना पीठ गार पाण्यात मळायचं की गरम?’ बायको आजारी होती तेव्हा तिनं खाटेवर बसून मला भाकरी शिकवली होती, त्यामुळं उत्तर मला चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी फोन जवळ घेऊन बसलो.