शेवटच्या घोड्याचा नंबर

हे किस्से मला खरंच आठवतात, की दामलेच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्यामुळे आठवल्यासारखे वाटतात, याची आता खात्री देता येत नाही. असले किस्से घरातल्या जुन्या वायरींसारखे साठतात. कुठली कशाची ते कळत नाही, पण टाकवतही नाहीत. एवढं नक्की, की मी गणितात डॉक्टरेट करून, आयुष्यभर शिकवून निवृत्त झालो होतो, दामलेचं कर्जतला झेरॉक्सचं दुकान होतं आणि आम्हा दोघांना लिनक्सचं वेड लागलं होतं. कुणाच्याही मालकीचं नसलेलं, कुणीही उघडून बघावं, बदलावं असं सॉफ्टवेअर! कर्जत-खालापुरात निदान एका ठिकाणी ते आमच्याशिवाय चालावं, एवढीच इच्छा होती.

*

साजगावला एका कारखान्याच्या गेटबाहेर आम्ही लिनक्सच्या सीडी वाटत होतो. एका कामगाराने सीडी उलटसुलट करून विचारलं, "फुकट? कंपनी बुडाली काय?"

मी त्याला यामागचा सगळा विचार समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत मान डोलवली. मग म्हणाला, "पटलं सर. पण माझी बस गेली."

*

शेलूला नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर ठेवलं. अकरा जण आले! दामले हरखून गेला. नंतर कळलं, अकराही जणांचे प्रिंटर बिघडले होते.

मी स्वातंत्र्यावर बोलायला उभा राहिलो, तशा पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "स्वातंत्र्य नंतर द्या हो, आधी प्रिंटर चालू करा!"

दामलेने सात चालू केले. लिनक्स कुणीच नेलं नाही.

*

घरचीही तीच गत. दामले एकदा चहाला आला आणि त्याला माझ्या बायकोच्या लॅपटॉपवर विकतची सिस्टिम दिसली. "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

ही शांतपणे म्हणाली, "भाऊजी, ज्याला जे हवं ते वापरू द्या, हेच सांगत फिरता ना दोघं?"

दामलेने बशीतलं बिस्किट उचललं.

*

माथेरानच्या काही घोडेवाल्यांनी मात्र हो म्हटलं. गिऱ्हाईक आलं की कुणाच्या घोड्याचा नंबर, यावरून त्यांच्यात रोज भांडणं. मी घोड्यांच्या नावांची यादी वाचून रोजचे नंबर काढून देणारा एक प्रोग्रॅम लिहिला. दामलेने जुना कॉम्प्युटर दिला.

गाडी गावात जात नाही. म्हणून सीपीयू चांदणी नावाच्या घोडीवर लादला आणि गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर हातरिक्षात बसवला. आम्ही मागून चालत! समोरून येणाऱ्या एका बाईंनी हळूच विचारलं, "आजोबांना बरं नाही का?"

दामले म्हणाला, "शुद्धीवर नाहीत. पोचलो की प्लग लावतो."

*

चांदणीचा मालक काशिनाथ. तो या घोडेवाल्यांत सगळ्यांत उशिरा आला, म्हणून यादीतही चांदणीचं नाव शेवटचं. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

"सर, चांदणीचा नंबर येतच नाय. चार दिवस घोडी नुसती उभी हाय. घरात खायचं काय आमी?"

"बाकीचे काय म्हणतात?"

"त्यांची काय तक्रार नाय!"

मी चिडलोच. "काशिनाथ, कॉम्प्युटर कुणाचा सोयरा नसतो. तुमच्यातच कुणीतरी घोळ करतंय."

"तुमीच म्हणला होता ना, चुकलं तर कुणी पण उघडून बदलावं?"

"त्याला शिकावं लागतं!"

हे वाक्य मीच बोललो. ते मात्र पक्कं आठवतं.

आठवड्याने पुन्हा फोन. "झालं सर. येतो आता नंबर." मी ऐटीत दामलेला म्हटलं, "बघ, प्रोग्रॅम बरोबरच होता!"

पुढे दामले वारला. त्यानंतर काही वर्षांनी मी एकटाच माथेरानला गेलो. कॉम्प्युटर दुसरा होता, पण प्रोग्रॅम तोच, रोज चालणारा. नावांची यादी बघितली. चांदणीच्याही खाली एक नाव होतं, 'प्रोफेसर'.

"हा कुणाचा घोडा?"

काशिनाथ लाजला. "कुणाचा नाय सर. असा घोडाच नाय. पण त्याला शेवटाला ठेवला का बाकी सगळ्यांचा नंबर लागतो."

घरी येऊन चपला काढायच्या आधी जुना कोड उघडला. माझा प्रोग्रॅम यादी वाचताना शेवटचं नाव यायच्या आधीच थांबत होता.