ज्याला काहीच ठेवलं नाही असा साक्षीदार

हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि बायकोने विचारलं, "तुम्हाला काही झालं तर हे घर कुणाचं?"

करी रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला. त्यात मिळालेला फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर. मुलं चांगली आहेत, पण थोरला अधूनमधून म्हणतो, "ठाण्यालाच या, इथलं भाड्याने देऊ." तो हे प्रेमाने म्हणतो, आणि प्रेमाने बोलणाऱ्यापुढे हिचं काही चालत नाही.

"मला इथून कुणी हलवता कामा नये," ती म्हणाली. मी शब्द दिला.

मृत्युपत्र लिहायला बसलो. घर बायकोला, तिच्यानंतर मुलांना. दोन ओळींत काम संपलं. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला दोन ओळींत समाधान कसं व्हावं? चाळीतला आमचा अख्खा मजला टॉवरमध्येही एकाच मजल्यावर आला आहे. मग तांब्याचा बंब शेजारच्या मावशींना, पेटी समोरच्या भजनवाल्यांना, शिडी कोपऱ्यातल्या वायरमनला (ती कित्येक वर्षं त्याच्याकडेच आहे, पण कागदावर असलेली बरी), कॅरम बोर्ड मंडळाला. लिहिता लिहिता स्वतःच्याच मोठेपणाने मला भरून आलं. प्रत्येक दारात जाऊन सांगूनही आलो.

वकीलबाईंनी कागद वाचला. "काका, दोन साक्षीदार लागतील. एक तुमचे डॉक्टर घ्या, दुसरा शेजारी. पण ज्याला काही मिळणार आहे त्याची सही नको. उद्या कुणी वाद काढला तर काकूंचंच घर अडकायचं."

घरी येऊन मजल्यावरची दारं मोजली. सगळ्यांना काही ना काही दिलेलं. आता कुणाची शिडी परत घेणार? उरला फक्त शेवटच्या दारातला.

त्याला मी मुद्दामच वगळलं होतं. चाळीच्या पूजेला कॅरमची फायनल होती आणि आम्ही दोघं पार्टनर होतो. हातची सोपी सोंगटी सोडून मी क्वीन मारायला गेलो आणि आम्ही हरलो. तो चारचौघांत म्हणाला, "शायनिंग मारायची हौस!" त्यानंतर बारा वर्षं आम्ही लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांकडे बघितलेलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याची बेल वाजवली.

"मृत्युपत्रावर सही हवीये."

"माझीच का रे?"

"तुला काही ठेवलं नाहीये म्हणून."

तो दाराला टेकला. "वायरमनला शिडी दिलीस म्हणे."

मला खरोखर लाज वाटली. "तुलाही लिहितो ना काहीतरी."

"गप रे. लिहिलंस तर माझी सही चालेल काय?" त्याने पायात चप्पल सरकवली.

आमच्या घरी डॉक्टर येऊन बसले होते. दोघांसमोर मी सही केली, मग डॉक्टरांनी केली. हा मात्र पेन धरून थांबला.

"तुम्ही वाचायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

"वाचत नाय हो. एवढंच सांग रे, घर वहिनींचंच राहणार ना? मध्ये कोण लुडबूड नाय करणार?"

"नाही करणार."

मग त्याने सावकाश, बँकेत करतात तशी पूर्ण नावाची सही केली. ऑपरेशनचं ऐकूनही न रडलेली बायको डोळ्यांना पदर लावून आत गेली.

"कॅरम कोणाला दिलास?" त्याने विचारलं.

"मंडळाला. मी गेल्यावर."

"गेल्यावर ना? मग काढ आत्ता."

डॉक्टर गेले, आम्ही बोर्ड मांडला. थोड्या वेळाने तीच वेळ आली. सोपी सोंगटी भोकाच्या तोंडाशी आणि क्वीन पलीकडे. मी क्वीनकडे बघतोय हे त्याने पाहिलं आणि तोंड उघडलं.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. इतकी वर्षं ती 'आपलं घर' म्हणत आली होती.

"माझ्या घरात भांडायचं नाही हं," ती म्हणाली.

मी सोपी सोंगटी घेतली.