चहा उकळेपर्यंत मिटलेलं पुस्तक

“पुस्तक मिटलेलंच राहू दे. आधी तुमच्या दोघींचं मिटवा.”

मार्थाबाईंचं हे वाक्य ऐकून वीस-बावीस वर्षं झाली. दवाखान्यात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली आणि मी इंदापूरला आले. तिथल्या वरिष्ठ नर्स मार्थाबाईंनी मला आपल्याच घरात खोली दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीचं, रूथचं आणि माझं बादलीवरून वाजलं. दिवेलागणीला सगळे सतरंजीवर बसले. बाईंनी पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. त्या घरची रीतच होती : मनात कुणाबद्दल राग असेल तर उपासनेआधी तो तिथंच बोलून टाकायचा. आम्ही दोघी हसल्यावरच पुस्तक उघडलं, असं मला आठवतं. ख्रिस्ताला घराच्या मधोमध बसवणं म्हणजे काय, ते मी त्या सतरंजीवर पाहिलं.

बाईंच्या कामाबद्दल या गौरव अंकात पुष्कळजण लिहितील. मी एकच सांगते. नरसिंहपूरकडच्या एका वस्तीवर आम्ही बाळंतपणाला गेलो होतो. सगळं नीट पार पडल्यावर घरातल्या म्हातारीनं चाचरत विचारलं, “बाई, तुमचा देव आमच्या घरात येतोय का ओ?”

“त्यो जन्मलाच गोठ्यात, आजी. तुमचं घर तर सारवलेलं हाय,” बाई म्हणाल्या. “आता चहा टाका.”

लग्नानंतर मी बारामतीला आले, ती बाईंची रीत सोबत घेऊन. पंधरा-सोळा वर्षं ती सुरळीत चालली. गेल्या वर्षी अडली. आमच्या साराच्या शाळेची सहल नरसिंहपूरला निघाली होती. संगम, मग देऊळ, मग जेवण. माझ्या यजमानांनी, अनिल यांनी, देवळाचं नाव ऐकून परवानगी दिली नाही. संध्याकाळी सारा सतरंजीवर म्हणाली, “माझा पप्पांवर राग आहे. मला फक्त नदी बघायची होती.” अनिल उठून गेले.

मी पुस्तक मिटलेलंच ठेवलं. दुसऱ्या दिवशीही. असे अकरा दिवस गेले. घरातली प्रार्थना बंद पडली होती, आणि ती बंद पाडणारी मीच होते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मला वाटत होतं, मी रीत पाळते आहे.

बाराव्या दिवशी मी सकाळची एसटी पकडून इंदापूर गाठलं. बाई मेथी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“किती दिवस म्हणालीस?”

“अकरा.”

“अगं बये! मी मिटून ठेवायची ते चहा उकळंपर्यंत. आमच्या रूथचा राग चार-चार दिवस जायचा न्हाय. म्हणून काय वाचायची न्हाय मी?”

मी गोंधळून गेले. मला तर आमचं हसणं आठवत होतं; चहा आठवतच नव्हता. अजूनही आठवत नाही.

त्याच दुपारी बाई माझ्याबरोबर बारामतीला आल्या. संध्याकाळी अनिल दाराजवळच्या खुर्चीवर बसले. बाई म्हणाल्या, “जावईबापू, खाली या. वर बसून कुणाचं मिटत न्हाय.” ते खाली बसले.

“आज पहिली मी. माझा राग या वत्सलावर हाय. माझं नाव सांगून हिनं लेकराचं शास्त्र मिटून ठेवलं.”

माझे डोळे भरून आले. सारा एकदम म्हणाली, “आजी, मम्मीवर नका ना रागावू! माझा राग पप्पांवर आहे.”

“मग त्यांना सांग की. मला काय सांगतीस?”

सारानं सांगितलं. रडत, पण सगळं. अनिल तिच्याजवळ सरकले. मग म्हणाले, “मी भ्यालो होतो. पोरगी आपल्यापासून लांब जाईल म्हणून.”

“त्या गावातल्या निम्म्या पोरांची नाळ मी कापलीय, जावईबापू. देवळाच्या दारात बसून चहा प्यालेय. मी गेले का लांब?”

त्या संध्याकाळी सारानं वाचलं. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर अनिल तिला संगम दाखवायला घेऊन गेले. त्यांची भीती पुरती गेली का, मला माहीत नाही. मलाही सगळं उमगलं आहे असं नाही. रीत कुठं घट्ट धरायची आणि कुठं सोडायची, हे बाईंना कसं कळतं?

आणखी एक कोडं उरलंच आहे. बाईंचा माझ्यावरचा राग खरा होता, की साराला बोलतं करण्यासाठी होता? स्टँडवर निरोप देताना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “गाडी लागली बघ.”

बाईंना आता पंचाहत्तरावं लागलं आहे. प्रभू त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसता येईल असे गुडघेही देवो. बाई, सत्काराच्या संध्याकाळी तशाच आमच्या घरी या, आणि तो राग खरा होता का, तेवढं सांगा. खरा असेल, तर तुमची माफी मागायची राहून गेली आहे. तुम्ही सांगणार नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही म्हणाल, आधी चहा टाक.