टाच बसली का?

मुलगी अमेरिकेला गेली तेव्हा आमच्या शनिवार पेठेत घरटी एक तरी पोर कॉम्प्युटरच्या नोकरीपायी परदेशी होतं, त्यामुळे आमचं काही वेगळं नव्हतं. तिचं बाळंतपण उरकून, नात रांगायला लागल्यावर मी परत आले आणि आठवड्याच्या आत डावी पोटरी सुजून दगड झाली. आतल्या शिरेत रक्ताची गाठ. विमानात मी जागची हललेच नव्हते. शेजारचा माणूस झोपलेला, त्याला कशाला उठवा! डॉक्टरांनी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या दिल्या आणि गुडघ्यापर्यंतचा एक घट्ट पायमोजा. सकाळी बिछान्यातून उठायच्या आधी चढवायचा, रात्री झोपताना काढायचा. आणि सूज उतरेपर्यंत विमानाचं नाव काढायचं नाही.

मला तेवढं शेवटचंच ऐकू आलं. नातीच्या जावळाचा वास अजून माझ्या पदराला होता हो. फोनवर तिचं नुसतं हुंकारणं ऐकायचं आणि पाय चाचपून बघायचा.

पण सूज हटेना. झालं असं, की पारोशानं देवाजवळ जायचं नाही हे अंगात मुरलेलं. मी उठायची, आंघोळ करायची, साग्रसंगीत पूजा करायची आणि मग मोजा घेऊन बसायची. तोवर पाय फुगलेला, मोजा घोट्याशीच अडलेला. आमच्या ह्यांनी काही दिवस पेपराआडून हे पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासून पूजा मी करतो. तू पडून राहा."

जन्मात निरांजन लावलं नव्हतं त्या माणसानं. मी विचारलं, कुठलं फूल कुणाला वाहायचं ते तरी ठाऊक आहे का?

"देव सांगतील. तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

माझी आंघोळ रात्रीवर गेली. सकाळी हे भांड्यांचे रबरी हातमोजे चढवून माझ्या पायथ्याशी बसले. हातमोज्यांनी पकड चांगली येते म्हणे. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? मी पाय आखडून घेतला. म्हटलं, अहो, मला पाप लागेल.

"अर्धं मी घेतो. पाय सोड."

मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सारायचं, मग हळूहळू वर ओढायचा, सुरकुती राहू द्यायची नाही. मान खालीच ठेवून विचारायचे, "टाच बसली का?" मी म्हणायची, बसली. मग उठून त्यांना वाकून नमस्कार करायची, म्हणजे फिटंफाट. रोज हाताला लागलेला पाय आणि रोज नमस्कार.

सूज उतरली, परवानगी मिळाली, आम्ही दोघं गेलो. विमानात हे सारखं कोपरानं ढोसून मला चालायला लावायचे, शेजाऱ्याची झोप गेली तरी. नात तोवर दुडुदुडु धावायला लागली होती. मला ओळखलं नाही, पण मोजा ओढून बघितला.

आता हे नाहीत. पाय अजून भरून येतो, म्हणून मोजा सुटला नाही. नात फोनवर दिसतेसुद्धा आता, ये म्हणते. जाईन की. हातमोजे घालून माझा मी चढवते, वेळ लागतो, पण जमतं. टाच बसली का, असं कुणी विचारत नाही.

मी आपली सवयीनं म्हणते, बसली.